खोक्यावरचा उजेड आणि भिंतीवरचा उजेड

एकलहरेच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. संच २१० मेगावॅटचा आहे म्हणजे आज तो २१० मेगावॅट वीज देतोच आहे, असे नाही. कोळसा कसा आला, ओला की कोरडा, बॉयलरची नळी फुटली का, वरून मागणी किती आहे, यावर त्या दिवसाचा आकडा ठरतो. शिवाय जनित्रातून निघालेल्या विजेतला काही वाटा केंद्राचे स्वतःचे पंप, पंखे आणि कोळसा दळणाऱ्या गिरण्याच खातात. तीन संचांची मिळून ६३० मेगावॅट ही झाली स्थापित क्षमता. तारांवर चढते ती वीज वेगळी, आणि ती मीटरवरच वाचावी लागते.

घरी प्रोजेक्टर घ्यायची वेळ आली की मात्र हा शहाणपणा कुठे जातो कोण जाणे. मोबाइलवर जाहिरात दिसते : ९००० लुमेन, १०८०पी सपोर्ट, दहा हजारास एक कॉन्ट्रास्ट, २०० इंची पडदा, किंमत आठ-दहा हजार. टीव्हीच्या निम्म्या पैशात थिएटर घरात. वस्तू घरी येते, संध्याकाळी सगळे हौसेने बसतात, आणि भिंतीवर धुरकट, फिकट चित्र उमटते. मग 'स्वस्तातले आहे, असेच असणार' म्हणून माणूस गप्प बसतो, तोवर वस्तू परत करण्याची मुदत संपून जाते. खरे तर ती मुदत हातात असतानाच मोजमाप करून घेता येते. मोजपट्टी, मोबाइल, कागद-पेन्सिल आणि अर्धा-पाऊण तास एवढेच त्याला लागते. वाणसामान आणल्यावर आपण वजन करून बघतो, तसाच हा प्रकार.

आधी एक प्रश्न : मोजायचे कशाला, डोळ्यांना दिसत नाही का? नाही दिसत. डोळा तुलना उत्तम करतो, मोजणी फार वाईट करतो. भर दुपारच्या उन्हात आणि रात्री ट्यूबलाइटखाली आपण तेच वर्तमानपत्र वाचतो, तेव्हा उजेडात शेकडो पटींचा फरक असतो, पण दोन्ही वेळा कागद आपल्याला पांढराच दिसतो. उजेड दुप्पट केला तर डोळ्याला तो 'जरासा वाढला' एवढेच जाणवते. दुकानदार प्रोजेक्टर काळ्या पडद्यांच्या अंधाऱ्या खोलीत दाखवतो तेव्हा तो याच गोष्टीचा फायदा घेत असतो. तिथे बुबुळाचे दार सताड उघडलेले असते, म्हणून २०० लुमेनही झकास दिसतात. बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात उजेड मोजण्यासाठी वापरलेली युक्ती डोळ्याचा हा गुण ओळखूनच काढलेली होती. कागदावर तेलाचा डाग पाडायचा, दोन्ही बाजूंना दोन दिवे ठेवायचे आणि एक दिवा मागेपुढे सरकवायचा. दोन्हीकडून सारखा उजेड पडला की डाग दिसेनासा होतो. 'किती' हे डोळ्याला सांगता येत नाही, 'सारखे' हे बरोबर सांगता येते. चिवड्याच्या पुड्याचा कागदही या प्रयोगाला चालतो.

आता लुमेन आणि लक्स. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडला ते लुमेनमध्ये मोजतात, आणि तो एका चौरस मीटरवर किती पडला ते लक्समध्ये. पाण्याचा टँकर किती लिटरचा होता ते लुमेन, अंगणात पाणी किती उंचीपर्यंत साचले ते लक्स. अंगण मोठे असेल तर तेच पाणी पातळ पसरणार. म्हणून प्रोजेक्टरच्या खोक्यावर कोणी लुमेनऐवजी लक्सचा आकडा छापला असेल, तर चित्राचा आकार सांगितल्याशिवाय त्याला काडीचा अर्थ नाही.

हे दोन्ही शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी याच जिल्ह्याच्या मातीतल्या एका माणसाने घरच्या भिंतीवर चित्रे पाडून पाहिली होती. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ मध्ये नाशिकलाच गेले, आणि 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये मुंबईत झळकल्यावर त्यांनी आपला चित्रपटांचा संसार नाशिकला हलवला. पण त्याच्याही आधी, सिनेमाचे वेड नुकतेच डोक्यात शिरले होते त्या दिवसांत, त्यांनी एक छोटे यंत्र आणि काही फिल्मची रिळे आणली होती. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगावर धरून ते घरच्या भिंतीवर चित्रे पाडत, असे त्यांचे चरित्र सांगते. दिवसाचे चार-पाच तास चित्रपट पाहणे, वर सारखे प्रयोग आणि अपुरी झोप. शेवटी त्यांना दिसेनासेच झाले. डॉ. प्रभाकर या नेत्रतज्ज्ञांचे उपचार आणि तीन-चार चष्मे यांच्या मदतीने त्यांची दृष्टी परत आली.

ती मेणबत्ती आजच्या हिशेबात मांडून पाहू. साधी मेणबत्ती सगळ्या दिशांना मिळून साधारण १२ लुमेन उजेड देते. त्यातला फार तर दहावा भाग भिंगाच्या तोंडात शिरला असे धरले तर उरतो सव्वा लुमेन. अर्धा मीटर रुंदीच्या चित्रावर तो पसरला तर हिशेब सहा-सात लक्सपर्यंत जातो, आणि फिल्म आणि काचांनी खाल्लेला वाटा वजा केला की दोन-तीन लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा हे पुष्कळ, पण घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडापुढे काहीच नाही. मंद उजेडात पाहिल्याने दृष्टी कायमची जाते असे आजचे नेत्रविज्ञान मानत नाही. डोळे शिणतात, कोरडे पडतात, डोके दुखते, आणि विश्रांतीने हे बहुतेक वेळा भरून येते. तरीही भिंतीवर नक्की किती उजेड पडतो आहे हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि त्याचे उत्तर खोक्यावर नसते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने नव्वदच्या दशकात त्यासाठी एक रीत घालून दिली. पुढे तिची जागा आयएसओ २१११८ या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली, पण बाजारात नाव राहिले ते 'अँसी लुमेन' हेच. रीत इतकी सोपी आहे की ती घरी वापरता येते. पडद्यावर पूर्ण पांढरे चित्र पाडायचे. त्याचे उभे-आडवे तीन-तीन असे नऊ सारखे चौकोन मनाशी पाडायचे आणि प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मोजायचे. नऊ आकड्यांची सरासरी काढून तिला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचे. आलेला आकडा म्हणजे भिंतीवर खरोखर पोचलेले लुमेन.

समजा, वसाहतीतल्या एका क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत १०० इंची चित्र पाडले आहे. १६ः९ प्रमाणातल्या अशा चित्राची रुंदी २२१ सेंटिमीटर आणि उंची १२५ सेंटिमीटर भरते, म्हणजे क्षेत्रफळ २.७६ चौरस मीटर. प्रोजेक्टर वीस मिनिटे चालू ठेवून तापू दिला, दिवे बंद केले, पडदे ओढले. मोबाइलमध्ये लक्स मोजणारे ॲप घेतले. मोबाइलचा उजेड ओळखणारा डोळा बहुधा वरच्या कडेला, ऐकण्याच्या जाळीजवळ असतो. तो प्रोजेक्टरकडे तोंड करून, मोबाइलची पाठ भिंतीला टेकवून धरायचा आणि आपली सावली त्यावर पडू द्यायची नाही. वरच्या ओळीत आकडे आले ६४, ७२, ६०. मधल्या ओळीत ८५, १०५, ८२. खाली ७८, ९६, ७८. बेरीज ७२०, सरासरी ८० लक्स. गुणिले २.७६ म्हणजे जेमतेम २२० लुमेन. खोक्यावर ९०००!

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण अवास्तव घेतलेले नाहीत. एकाच एलसीडी काचेच्या स्वस्त प्रोजेक्टरांचा खरा उजेड साधारण १०० ते ३०० अँसी लुमेनच्या घरात असतो. मग ९००० आले कुठून? काही वेळा तो आत बसवलेल्या एलईडीचा उघडा उजेड असतो. 'लाइट सोर्स लुमेन' किंवा नुसते 'लुमेन' असे लिहिले असेल तर तसे समजावे. या एलईडीसमोर आधी ध्रुवण करणारी पट्टी येते, ती निम्म्याहून अधिक उजेड गिळते. मग प्रत्येक ठिपक्यावरचे लाल, हिरवे, निळे गाळणे उरलेल्याचा सुमारे एक तृतीयांशच पुढे सोडते. काचेतल्या ठिपक्यांमधल्या बारीक जाळीत आणखी काही अडतो, शेवटी भिंगे आपला हात मारतात. आतल्या शंभर लुमेनपैकी दहाही भिंतीवर पोचणे कठीण. कोळशातल्या उष्णतेपैकी तिसरा हिस्सा विजेत उतरतो म्हणून आपण औष्णिक केंद्राला नावे ठेवतो. या खोक्यापुढे ते केंद्र फारच काटकसरी म्हणायचे.

आणि काही वेळा तो आकडा नुसताच लिहिलेला असतो. त्याला पकडायला मोजणीचीही गरज नाही, ॲडॉप्टर उलटा करून वॅट वाचले की झाले. समजा ६० वॅट लिहिले आहेत. ९००० लुमेनला ६० ने भागले की वॅटमागे १५० लुमेन येतात. उत्तम एलईडीलाही वॅटमागे दीडशे लुमेन ही चांगली कामगिरी झाली, आणि इथे तर पंखा, स्पीकर, आतला संगणक हे सगळे त्याच साठ वॅटांवर चालते आहे. वर काचांनी एक थेंबही उजेड खाल्लेला नसावा लागतो! भिंतीवर पोचणारा उजेड वॅटमागे पाच ते पंधरा लुमेन भरला तर तो प्रोजेक्टर सरळ माणसाचा समजावा. दुसऱ्या बाजूनेही बघता येते. वीस वॅटची एलईडी ट्यूबलाइट सुमारे २००० लुमेन देते. ९००० म्हणजे साडेचार ट्यूबलाइटांचा सगळा उजेड त्या एका चौकोनावर. तसे खरेच असते तर दुपारी खिडकी उघडी ठेवून सिनेमा बघता आला असता.

अमेरिकेत एपसन कंपनीने लुमेनचे आकडे फुगवल्याच्या आरोपावरून काही प्रतिस्पर्ध्यांना कोर्टात खेचले. आपल्याकडे ग्राहकाने एवढे लांब जायची गरज नाही. नऊ आकड्यांचा कागद आणि वस्तू परत करण्याचा अर्ज पुरेसा असतो.

मोबाइलवरच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचा डोळा पडद्याचा उजेड कमी-जास्त करण्यापुरता बनवलेला असतो. वीस-तीस टक्क्यांची चूक त्याला माफ आहे, कधी त्याहूनही जास्त होते, आणि आयफोनवर तर ॲपला हा डोळा थेट वाचताही येत नाही. पण आपला प्रश्न ९००० की २२० असा चाळीस पटींचा असताना तीस टक्क्यांची चूक काय बिघडवणार? अचूक हवेच असेल तर साधा लक्स मीटर दोन-तीन हजारांच्या आत मिळतो, आणि चार घरांत मिळून एक पुरतो. मात्र मोजणी ज्या मोडमध्ये सिनेमा बघणार त्याच मोडमध्ये करावी. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडमध्ये उजेड सर्वांत जास्त आणि चेहरे हिरवट. 'सिनेमा' मोडमध्ये रंग ताळ्यावर येतात आणि उजेड बऱ्यापैकी उतरतो.

मग पुरेसा उजेड किती? चित्रपटगृहातल्या पडद्याच्या पांढऱ्या रंगाची तेजस्विता चौरस मीटरला ४८ कँडेला असावी असे मानक आहे. ही मोठ्या थिएटरातली गोष्ट, आणि ती ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण घरचा टीव्ही याच्या पाच-सात पट उजळ असतो. अंधारात एवढे पुरते. साध्या पांढऱ्या पडद्यावर ही तेजस्विता यायला दीडशे लक्स पडावे लागतात, म्हणजे १०० इंचांसाठी ४१५ लुमेन. भिंतीचा डिस्टेंपर सगळा उजेड परत करत नाही, दिवा वर्षागणिक मंदावतो, हे धरून सहाशे खरे लुमेन म्हणजे रात्रीच्या अंधाऱ्या खोलीत राजेशाही. हजारांचे आकडे लागतात ते दिवा लावून बघणाऱ्यांना, नाहीतर मंडळाच्या चौकात मॅच दाखवणाऱ्यांना. आणि ज्याच्याकडे २२० लुमेनचाच आहे त्याने वस्तू फेकण्याआधी चित्र लहान करून बघावे. १०० इंचांचे चित्र ६० इंचांवर आणले की तोच उजेड पावणेतीन पट दाट होतो. फुकटचा उपाय आहे, पण मोठ्या चित्राची हौस आडवी येते.

उजेडाइतकाच, माझ्या मते त्याहून जास्त, चित्राचा जीव अंधारात असतो. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळे दिसते ते केवळ तिथे उजेड न पडल्यामुळे. म्हणजे प्रोजेक्टरने काहीच न टाकता तुमची भिंत जेवढी उजळ दिसते, त्याहून काळे तिच्यावर काही दिसू शकत नाही. कॉन्ट्रास्ट म्हणजे पांढऱ्याला काळ्याने भागून येणारा आकडा, आणि तो दोन तऱ्हांनी काढतात. आधी सगळे चित्र पांढरे, मग सगळे काळे, अशी दोनदा मोजणी केली की मोठा आकडा येतो. जाहिरातीत तोच असतो, पुष्कळदा काळ्या चित्राच्या वेळी दिवाच मंद करून मिळवलेला. दुसरी तऱ्हा बुद्धिबळाच्या पटाची : आठ पांढरी घरे आणि आठ काळी घरे एकाच वेळी पाडायची आणि दोन्हींची सरासरी घेऊन भागायचे. खऱ्या सिनेमात उजेड आणि सावली एकाच वेळी असतात, म्हणून हीच मोजणी कामाची.

आपल्याच उदाहरणात पटाच्या पांढऱ्या घरांत ८० लक्स आणि काळ्या घरांत २ लक्स आले असे धरू. कॉन्ट्रास्ट झाला ४०. आता दुपारची वेळ घ्या, पडदे ओढलेले आहेत, पण फटींतून ४० लक्स आत येतात. पांढरे झाले १२०, काळे झाले ४२. कॉन्ट्रास्ट तीनाच्याही खाली. तुम्ही हातात धरलेल्या या वर्तमानपत्राची शाई आणि कागद यांच्यातला फरकही याहून जास्त आहे. दिवसा चित्र धुरकट का दिसते, आणि दहा हजारास एक हा आकडा कुठे गेला, याचे उत्तर एवढेच.

गंमत अशी की या दुखण्याचे औषध प्रोजेक्टरच्या दुकानात मिळत नाही. चित्राच्या पांढऱ्या भागाचा उजेड समोरच्या आणि बाजूच्या पांढऱ्या भिंतींवर आपटून परत येतो आणि काळ्या भागावर बसतो. वसाहतीतल्या खोल्यांना चुन्याचा नाहीतर फिका रंग असतो, छत तर पांढरेच. पडद्याच्या दोन्ही बाजूंना गडद रंगाच्या चादरी सोडा आणि पटावरची मोजणी पुन्हा करा. काळ्या घरातला आकडा दोनावरून एकावर आला तर कॉन्ट्रास्ट दुप्पट झाला, आणि खर्च झाला दोन चादरींचा. महागडा प्रोजेक्टर घेऊन शुभ्र खोलीत लावणाऱ्यापेक्षा हा माणूस मला हुशार वाटतो.

रेखीवपणाचे प्रकरण त्यामानाने छोटे. 'सपोर्ट' या शब्दावर बोट ठेवा. '१०८०पी सपोर्ट' म्हणजे यंत्र तेवढ्या बारकाव्याचे चित्र आत घेते, पण बाहेर किती ठिपक्यांत काढते ते त्यात सांगितलेले नसते. 'नेटिव्ह' शब्दापुढचा आकडा खरा. पडताळा सोपा आहे. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे, एक ठिपका काळा आणि एक पांढरा अशा उभ्या रेघांचे चित्र संगणकावर तयार करून प्रोजेक्टरवर दाखवा. रेघा सुट्या दिसल्या तर ठीक, राखाडी गोळा किंवा लाटा दिसल्या तर यंत्र तेवढ्या ठिपक्यांचे नाही. मात्र 'कीस्टोन' म्हणजे तिरपे चित्र सरळ करण्याची सोय त्या वेळी बंद ठेवा. ती सोय ठिपके कापूनच चित्र सरळ करते, म्हणून शक्यतो प्रोजेक्टरच पडद्यासमोर सरळ मांडावा.

पण किती ठिपके हवेत, हे शेवटी डोळाच ठरवतो. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखता येते. चार मीटरांवर ते १.१६ मिलिमीटर भरते. १०० इंची चित्रात १९२० ठिपके मावले तर एक ठिपका १.१५ मिलिमीटरचा. म्हणजे चार मीटर लांब बसणाऱ्याला फुल एचडीपुढचे काही दिसतच नाही, आणि क्वार्टरच्या खोलीत तीन-चार मीटरांपलीकडे सोफा जाणार तरी कुठे? ४के साठी जादा पैसे मोजण्याआधी सोफ्यापासून भिंतीपर्यंत पट्टी लावून पाहावी. रंगांची खरी मोजणी मात्र घरी होत नाही, तिला रंगमापक यंत्र लागते. घरगुती कसोटी एकच सांगतो : जुना कृष्णधवल चित्रपट लावा. त्यात कुठेही निळसर, हिरवट किंवा जांभळी झाक दिसली तर ती प्रोजेक्टरची.

आता डोळ्यांकडे येऊ, कारण घरात प्रोजेक्टर आणताना आई-बाबा पुष्कळदा मुलांच्या डोळ्यांचेच कारण सांगतात. 'प्रोजेक्टरचा उजेड भिंतीवरून परत येतो, म्हणून डोळ्यांना सुरक्षित' असे जाहिरातीत असते. उजेड भिंतीवरून आला म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. फायदा आहे तो अंतराचा. मोबाइल वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरला की डोळ्यातल्या भिंगाला चार-पाच डायॉप्टरचा जोर लावावा लागतो. तीन मीटरवरच्या भिंतीसाठी तो एक तृतीयांश डायॉप्टर पुरतो. एवढ्यापुरते आई-बाबांचे म्हणणे बरोबर आहे. पण एकटक बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, ते भिंतीसमोरही होते.

काही प्रोजेक्टर उजेड झटक्याझटक्याने देतात. काहींमध्ये फिरती रंगीत चकती लाल, हिरवा, निळा रंग एकामागून एक टाकते, आणि नजर झटकन हलवली की काही जणांना कडांना इंद्रधनुष्य दिसते. घरातल्या एकालाच डोकेदुखी होत असेल तर त्याचे नखरे समजू नयेत. मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने पडद्याचे चित्रण करून पाहा, पट्टे धावताना दिसले तर झटके आहेत. हे प्रोजेक्टर घेण्याआधी, घरातल्या सर्वांना घेऊन तपासायचे काम आहे.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो : प्रोजेक्टरच्या तोंडाशी. लहान मुले हाताच्या सावल्या पाडायला भिंगासमोर जातात आणि वळून थेट आत बघतात. जो उजेड भिंतीवर पावणेतीन चौरस मीटरमध्ये पसरतो, तो तिथे रुपयाएवढ्या गोलातून बाहेर पडत असतो. लेसरच्या आणि मोठ्या दिव्याच्या प्रोजेक्टरांवर जोखीम गटाचा शिक्का असतो. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटाचा असेल तर यंत्र मुलांच्या डोक्याच्या वर टांगावे, टीपॉयवर ठेवू नये. आणि हवा आत घेणाऱ्या जाळीवरची धूळ दर महिन्याला काढावी. चिमण्यांच्या आसऱ्याने राहणाऱ्यांना राखेची धूळ काय असते ते सांगायला नको. जाळी बुजली की आत उष्णता साठते आणि दिवा लवकर मंदावतो.

लक्स मीटर हातात आहेच तर त्याने आणखी एक मोजणी करावी. खोलीत ट्यूबलाइटखाली तो शंभर-दोनशे दाखवेल. तोच घेऊन बाहेर झाडाच्या सावलीत जा, आकडा दहा हजारांच्या आसपास जाईल, आणि भर उन्हात लाखाच्या घरात. चीनमध्ये ग्वांगझौच्या शाळांत सहा वर्षांच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. काही शाळांनी रोज फक्त चाळीस मिनिटे जादा मैदानावर घालवली. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचे कमी दिसण्याचा दोष जडला होता, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. बाहेरचा लख्ख उजेड डोळ्याच्या वाढीला लगाम घालतो, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. घरातला कोणताही दिवा, खोक्यावर काहीही लिहिलेले असो, त्या आकड्याच्या जवळपास जात नाही. मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला मैदानावर मीटर अजून हजारोंत असतो, आणि प्रोजेक्टर तसाही अंधार पडल्याशिवाय चालत नाही.